फोल्डरमधले अकरा रिपोर्ट

(मुलुंड येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा दवाखाना इथल्या अनेकांनी पाहिलेला आहे. बाहेर लाकडी बाक, आत डॉक्टर आणि मध्ये एक हिरवा पडदा. पडद्याआडचं बोलणं बाकावर सहज ऐकू यायचं. कुणाच्या मुलाला जुलाब होतायत, कुणाचं बीपी वाढलंय, हे अख्ख्या बाकाला ठाऊक असायचं. पण मधूनच एखादा पेशंट आत गेला की डॉक्टर उठून पंखा पाचवर करायचे. त्या जुन्या पंख्याची खडखड एवढी मोठी होती की आतलं एक अक्षर बाहेर यायचं नाही. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायची आणि काय समजायचं ते समजायची.

मी पुढे एकवीस वर्षं जे काम केलं ते त्या पाचवर केलेल्या पंख्याखालचं काम होतं. उपनगरातल्या एका पालिका रुग्णालयात मी एचआयव्ही समुपदेशक होते. मी रुजू झाले तेव्हा तिथल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राला व्हीसीटीसी म्हणत, नंतर ते आयसीटीसी झालं. पेशंटच्या तोंडी मात्र ते कायम ‘ती टेस्ट करतात ती खोली’ एवढंच राहिलं. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तरीही ज्यांची झोप उडालेली आहे, त्यांच्याबद्दल बोलू द्या. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “बोला.” त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. या विषयावर पंखा बंद ठेवून, माइकवर बोलायला मिळणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नाही. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. दुखणं बदललेलं नाही.

तर, एक तिशीतले गृहस्थ. राहणार बोरिवलीचे. आमच्या केंद्रात आले तेव्हा त्यांच्या हातात पारदर्शक प्लास्टिकचं फोल्डर होतं, बँकेत कर्जाला जाताना माणूस घेऊन जातो तसं. त्यात तारखेनुसार लावलेले अकरा रिपोर्ट. अकराच्या अकरा निगेटिव्ह. बोरिवलीत राहून ते आमच्याकडे मध्य रेल्वेवर कसे आले, हे मी विचारलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. आमच्या खोलीचा तो अलिखित नियम होता: वेस्टर्नची माणसं सेंट्रलला येतात आणि सेंट्रलची वेस्टर्नला जातात. पूर्वी त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागायची. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी ते घाटकोपर हे अंतर वीस मिनिटांच्या आत आलं. नोकरदारांची सोय झाली, तशी लपून टेस्ट करणाऱ्यांचीही झाली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून हे शहर किती मोठं आहे, आणि कुणी भेटेल या धास्तीपायी किती लहान, हे मी त्या खोलीत बसून पाहिलं.

त्यांची हकिगत साधी होती. चौदा महिन्यांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी परगावी गेले असताना एका अनोळखी बाईशी एकदा संबंध आला. निरोध वापरला होता. तो फाटला नव्हता. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी घसा दुखायला लागला, त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि तिथून पुढे त्यांचं आयुष्य थांबलं. पहिली टेस्ट अंधेरीला, दहाव्या दिवशी. ती फार लवकर केली असं कळलं म्हणून दुसरी सहा आठवड्यांनी, दादरला. तिसरी तीन महिन्यांनी, ठाण्याला. तिसरीनंतर विषय मिटायला हवा होता. पण त्या लॅबमध्ये त्यांनी लाजेपोटी खोटं नाव सांगितलं होतं. आता शंका अशी, की रिपोर्टवर माझं नावच नाही, मग तो माझा कशावरून? नळ्यांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? म्हणून चौथी, खऱ्या नावाने. मग पाचवी, कारण चौथीच्या वेळी रक्त घेणारा मुलगा फोनवर बोलत होता. अकरावी, कारण दहावीची तारीख चुकून आदल्या दिवसाची छापली गेली होती.

इथे थोडं शास्त्र सांगते. मी डॉक्टर नाही, पण ही माहिती रोज दहा-बारा वेळा सांगत आले आहे. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि आपल्या साध्या रॅपिड टेस्टमध्ये ती प्रतिपिंडं शोधली जातात. ती मोजण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळाला ‘विंडो पीरियड’ म्हणतात. बोटाच्या थेंबावर होणाऱ्या रॅपिड टेस्टसाठी तो ९० दिवसांपर्यंत धरतात. प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा पी-२४ नावाचा भागही शोधते, म्हणून तिला ४५ दिवस पुरतात. तो काळ उलटल्यावर, मधे नवा धोका घडलेला नसताना, टेस्ट निगेटिव्ह आली की त्या प्रसंगापुरता प्रश्न सुटला. सहा महिने थांबा, वर्षभर थांबा, हे सल्ले जुन्या चाचण्यांच्या काळातले आहेत. ते अजून लोकांच्या डोक्यात आणि काही दवाखान्यांतही फिरतात.

दुसरी गोष्ट, ‘सगळं निगेटिव्ह’ असं काही नसतं. एचआयव्हीची टेस्ट एचआयव्हीबद्दलच सांगते. सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस बी यांच्या चाचण्या वेगळ्या, त्यांचे काळ वेगळे. सिफिलिसचंच घ्या. व्हीडीआरएल ही चाचणी कधीकधी दुसऱ्याच कारणाने किंचित पॉझिटिव्ह येते. आणि टीपीएचए ही चाचणी एकदा रोग होऊन औषधाने पूर्ण बरा झाला तरी बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते. हे ज्याला कुणी समजावलेलं नाही, तो बरा झालेला माणूस वर्षानुवर्षं स्वतःला रोगी समजत जगतो. असे दोन जण मी पाहिले. त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगायला कुणी बसलंच नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे साधं गणित. समजा, एखादी चाचणी हजारातल्या पाच निरोगी माणसांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. आता दहा हजार पूर्ण निरोगी माणसं तपासा. पन्नास जणांना धक्का बसेल आणि पन्नासही जण निरोगी असतील. म्हणून तर आपल्याकडे एका टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन टेस्ट जुळाव्या लागतात. जो माणूस कारण नसताना पुन्हापुन्हा टेस्ट करतो तो स्वतःच्याच बाबतीत ही दहा हजारांची रांग लावत असतो. कधीतरी एखादी पुसट रेघ उमटण्याची शक्यता तो आपल्या हाताने वाढवतो.

पुसट रेघेवरून आठवलं. त्या टेस्टच्या कार्डावर ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं असतात. ‘सी’समोर रेघ आली म्हणजे कार्ड नीट चाललं. ‘टी’समोर रेघ आली तर पुढच्या तपासणीला जायचं. या गृहस्थांनी एक कार्ड घरी विकत आणलं होतं. रात्री दोन वाजता, बाथरूमला आतून कडी लावून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये ते ‘टी’समोरच्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी बघायचं कार्ड पाच तासांनी पुन्हा बघितलं. तोवर ओलावा सुकून तिथे राखी छटा आली होती, अशी यायचीच. तिचे त्यांनी चाळीस फोटो काढले होते. मला ते एक-एक मोठा करून दाखवत होते. “मॅडम, इथे बघा. इथे. तुम्हाला दिसतंय ना?” मला काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं हे मला सांगता येणार नाही, पण ते नाटक नव्हतं एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. ज्याला आपण ‘काही नाही हो, मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावतो, त्याच्या जिवाला लागलेला घोर तापाइतकाच खरा असतो.

शरीरही यात साथ देतं. मानेतली गाठ सुजली का म्हणून दिवसातून तीस वेळा बोटाने दाबून पाहिली की ती दुखायला लागते. भीतीने तोंड कोरडं पडतं, जीभ पांढरी दिसते. घाम येतो, पोट बिघडतं, वजन उतरतं. रोगाच्या यादीत जे जे लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मं भीती स्वतःच घडवून आणते. जननेंद्रियावर जन्मापासून असलेले बारीक ठिपके, ज्यांना फोर्डायसचे ठिपके म्हणतात, ते माणसाला तिशीत पहिल्यांदा ‘दिसतात’, कारण तोवर त्याने तिथे एवढ्या संशयाने कधी पाहिलेलंच नसतं.

आता मला थोडं मागे जायचं आहे, कारण हा आजार मोबाइलने आणलेला नाही.

आपल्या भाषेत या रोगांना शब्द कोणता? गुप्तरोग. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तो लोकलमधून, शाळेत असताना. रुळांच्या कडेच्या भिंतींवर चुन्याने पांढऱ्या केलेल्या चौकटीत मोठ्या अक्षरात तो लिहिलेला असायचा, खाली कुठल्यातरी वैद्याचा पत्ता. अजूनही लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर तसे कागद चिकटवलेले दिसतात. नीट बघा, तिथे रोगाचं नाव क्वचितच असतं. ‘तारुण्यातील चुका’ असतात. जाहिरात करणाऱ्याला नेमकं ठाऊक आहे की गिऱ्हाईक रोग घेऊन येणार नाही, चूक घेऊन येणार आहे.

या ‘गुप्त’ शब्दाविरुद्ध याच मुंबईत एका माणसाने आयुष्य घालवलं. रघुनाथ धोंडो कर्वे. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि या कामापायी नोकरी सोडली. गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवलं. त्या मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं देत. याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली तो खटला त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. निकाल विरुद्ध गेला, २०० रुपये दंड झाला.

मला त्या खटल्यात नेहमी एक गोष्ट टोचते. उत्तरं छापली म्हणून दंड झाला, पण प्रश्न तर लोकांचे होते. पोस्टाचं तिकीट लावून, बहुधा नाव लपवून, कुणीतरी ते पाठवलेले होते. नव्वद वर्षांपूर्वी पत्र होतं, आज मेट्रोचं तिकीट आहे. माणूस तोच आहे, घाबरलेला, आणि आपल्या गावाबाहेर उत्तर शोधणारा. मधल्या काळात याच शहरात डॉ. महिंदर वत्सांनी इंग्रजी दैनिकाच्या सदरातून २००५ पासून हे काम केलं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी डिसेंबर २०२० मध्ये ते गेले तोपर्यंत. एवढी मोठी माणसं होऊन गेली तरी आमच्या खोलीतल्या खुर्चीवर बसणाऱ्याला वाटायचं की असला प्रश्न जगात आपल्या एकट्यालाच पडला आहे.

आपल्याकडे या भीतीचं आणखी जुनं रूप आहे. ‘धातू जाते’ ही तक्रार. १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. तरुण मुलगा येतो, थकवा सांगतो, कंबरदुखी सांगतो, आणि लघवीवाटे शक्ती निघून जाते असं त्याला वाटत असतं. तपासात काही निघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात मला तोच सूर ऐकू यायचा. आजोबांची धातू जात होती, नातवाच्या पांढऱ्या पेशी कमी होतायत. आपण काहीतरी निषिद्ध केलं आणि शरीर त्याची वसुली करणार, हा हिशेब दोघांचा एकच.

पण ही भीती निव्वळ मनाची असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. समाजाने घाबरायला कारण दिलेलं आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा, त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. त्याला कुणी नीट सांगितलंही नाही आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस. गुन्हा काही नव्हता. तेव्हाचा गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. १९९२ मध्ये डॉमिनिक वारला. त्या काळात मुंबईत वाढलेल्या मुलांनी भिंतींवर कवट्या आणि हाडं काढलेली एड्सची पोस्टरं पाहिली. मोफत औषधं सरकारी रुग्णालयांत आली ती १ एप्रिल २००४ पासून, पहिल्या आठ ठिकाणांत मुंबईचं जे. जे. होतं. आज वेळेवर औषध सुरू केलेला माणूस म्हातारा होतो, नातवंडं बघतो. औषधाने विषाणू मोजण्यापलीकडे खाली गेला की त्याच्यापासून जोडीदाराला संबंधातून लागणही होत नाही. चाचणीसाठी संमती आणि गुप्तता यांचा हक्क देणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण डोक्यातली कवटी तशीच आहे. कायदा बदलला की पोस्टर उतरतं, आठवण उतरत नाही.

आता मुलुंडच्या एका बाईंबद्दल सांगते. चाळिशीच्या, नीटनेटक्या, पर्समध्ये स्टीलची छोटी बाटली. त्या वर्षातून दोनदा यायच्या. कारण दर वेळी वेगळं: ब्यूटी पार्लरमध्ये सुई लागली, डेंटिस्टने हातमोजे बदलले नाहीत, बसमध्ये कुणाच्या तरी हाताला जखम होती. यातल्या कशानेही लागण होण्याची शक्यता नगण्य होती. रिपोर्ट निगेटिव्ह यायचा, त्या तो नीट घडी करून ठेवायच्या आणि सहा महिन्यांनी परत यायच्या. चौथ्या खेपेला मी पार्लरचा विषयच काढला नाही. विचारलं, “घरी कोण कोण असतं?” त्या बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे महिन्यातून आठ दिवस बाहेरगावी असतात.” एवढंच. पुढचं सगळं त्या झाकणात होतं. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. म्हणून त्या स्वतःच्या रक्ताला विचारत होत्या, दर सहा महिन्यांनी, मधे पार्लरची सुई ठेवून. त्यांची टेस्ट करणं मात्र योग्यच होतं. या शहरातल्या किती बायकांना नवऱ्याकडून लागण झाली, आणि ते गरोदरपणाच्या तपासणीत कळलं, हे आम्ही पाहिलेलं आहे. पण निगेटिव्ह रिपोर्टने त्यांना झोप लागणार नव्हती, कारण विषाणू आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

माझं म्हणणं हे एवढंच आहे. चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि चोख देते. माणूस मात्र कधीकधी दुसराच प्रश्न खिशात घेऊन आलेला असतो.

बोरिवलीच्या त्या गृहस्थांच्या बाबतीत हे समजायला मला वेळ लागला, आणि त्या वेळात माझ्या हातून चूक झाली. त्यांची कळकळ बघून मी म्हटलं, ठीक आहे, शेवटची म्हणून आमच्याकडे करा. बारावी. त्यांच्यासमोर नाव लिहिलं, त्यांच्यासमोर बोट टोचलं, कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. निगेटिव्ह. त्यांनी माझे हात धरले, रडले, म्हणाले, “आज सुटलो.” मलाही भरून आलं. नवव्या दिवशी ते पुन्हा दारात उभे होते.

पुढे मला कळलं की हे कुणीतरी आधीच नीट मांडून ठेवलेलं आहे. ब्रिटनमधले संशोधक पॉल सॅल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये, म्हणजे भारतात मद्रासला पहिल्यांदा एचआयव्ही सापडला त्याच वर्षी, आजाराच्या भीतीने पछाडलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं: दिलासा मिळाला की भीती झटकन उतरते, आणि थोड्याच वेळात चढून पुन्हा दिलासा मागते. खाज आणि खाजवणं यांचं नातं असतं तसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गवारीत ही आजाराची भीती ओसीडीच्या, म्हणजे पुन्हापुन्हा हात धुण्याच्या आणि कुलूप तपासण्याच्या भावकीत बसवली आहे. बारावी टेस्ट मी दयेने केली होती. प्रत्यक्षात मी त्यांना कुलूप आणखी एकदा ओढून बघायला मदत केली.

सगळ्यांच्याच पोटात गुपित असतं असं नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या मेंदूची ठेवणच अशी असते की शंका आली की ती निघत नाही. एचआयव्ही नसता तर गॅसचा नॉब असता. त्यांच्या मागे अपराध शोधत बसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. औषधं आहेत, आणि एक विशिष्ट मानसोपचार पद्धत आहे, जिच्यात शंका आली तरी तपासायचं नाही, ती चढू द्यायची आणि आपोआप उतरू द्यायची, याचा सराव करतात. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला फार अवघड. पण बरी झालेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना कुठे जायचं ते माहीत नाही त्यांनी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक फिरवावा, मराठीत बोलता येतं. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आहे. आणि खरोखर धोका घडला असेल तर वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचलात तर लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं असतात. माझं आजचं बोलणं ऐकून कुणी टेस्टच टाळली तर मला फार वाईट वाटेल. योग्य वेळी एक टेस्ट करा. ती मात्र एकदाच.

तेराव्या वेळी मी त्यांना नाही म्हटलं. कार्ड काढलं नाही. ते चिडले, मग विनवण्या केल्या. मी विचारलं, “समजा, तुम्हाला काहीही झालेलं नाही हे तुम्हाला आत्ता, या खुर्चीत, शंभर टक्के पटलं. मग उद्या सकाळी उठून काय कराल?”

ते बोलायला लागले आणि थांबले. बाहेर वॉर्डबॉय स्ट्रेचर ओढत नेत होता, त्याच्या एका चाकाचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, “मग मला आईला होकार द्यावा लागेल.”

दीड वर्षापासून घरी लग्नाचं चाललं होतं. मुलगी सांगून आलेली, त्यांना आवडलेली. टेस्टचा शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबा, असं ते मनातल्या मनात म्हणत होते आणि निकाल लागू देत नव्हते. त्यांना विषाणूची भीती होती, पण त्याहून मोठी भीती अशी, की त्या मुलीसमोर बसायची आपली लायकी राहिलेली नाही. हे कुठल्या लॅबने सांगायचं? बारा रिपोर्टांत ते कुठे छापलेलं असणार?

त्या दिवशी आम्ही एचआयव्हीबद्दल एक शब्द बोललो नाही. नंतर त्यांना मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, वर्षभर उपचार चालले. फोल्डर घराच्या माळ्यावर गेलं. मधे दोनदा खाली आलं, परत गेलं. लग्न झालं की नाही हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण तो त्यांचा प्रश्न आहे आणि बरं होण्याची ती परीक्षाही नाही.

इथे बसलेल्यांत बहुतेक जण आई-वडील आहात, आजी-आजोबा आहात. घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री बाथरूममध्ये फार वेळ राहते, आरशात जीभ बघते, मान चाचपते, जेवत नाही, आणि विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. तेव्हा ‘काही नाही ना, मग झालं तर’ म्हणून पाठ फिरवू नका. आणि त्याने सांगितलंच, तर पहिल्या तोंडी ‘असलं केलंसच कसं’ विचारू नका. ते नंतर विचारता येईल, हवं तर. आधी त्याच्यासोबत एकदा योग्य वेळी तपासणीला जा, हवं तर लाइन बदलून. रिपोर्ट निगेटिव्ह आला की पुन्हा पुन्हा ‘अरे तुला काही झालेलं नाही’ असं सांगत बसायचं नाही. दिवसातून वीस वेळा तो तेच वदवून घेईल आणि तुम्ही प्रेमाने म्हणाल. मीही म्हणायची. त्यापेक्षा शेजारी बसा.

गेल्या पावसाळ्यात, मी निवृत्त झाल्यानंतर, त्या गृहस्थांचा फोन आला. पाठीमागे गाडीचा आवाज होता.

“मॅडम, कालपासून ताप आहे. घसा पण दुखतोय.”

“हं.”

“मला तुमच्याकडून काही ऐकायचं नाहीये. नुसतं सांगायचं होतं.”

“बरं,” मी म्हटलं.

दोघंही गप्प राहिलो. पलीकडे उद्घोषणा झाली, पुढील स्थानक गोरेगाव. कुणीतरी पुढे सरका म्हणून ओरडलं. माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, ते मी गिळलं.

“जेवलात का?” त्यांनी विचारलं.

“व्हायचंय अजून.”

“माझंही,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.